कमान, वाट आणि ओझे

मोटारीच्या स्प्रिंगला आपल्याकडचे जुने कारागीर 'कमान' म्हणत आले आहेत. शब्द फारसीतून आलेला, आणि त्याचा मूळ अर्थ धनुष्य. धनुष्य वाकवावे, सोडून द्यावे, की ते पुन्हा आपल्या जागी येते. गाडीच्या कमानीचे कामही एवढेच. रस्त्याने दिलेला धक्का तिने वाकून सोसावयाचा आणि वर बसलेल्या माणसाला त्याची शक्य तितकी थोडी वार्ता लागू द्यावयाची. एकावर एक पोलादी पट्ट्या रचून केलेली कमान असेल, तर तिच्या प्रत्येक पट्टीला 'पाटा' म्हणतात. पोलादाची सळई मळसूत्रासारखी गुंडाळून केलेली कमान मात्र 'स्प्रिंग' या नावानेच घरोघर रूढ झाली.

दिवाळीच्या पाडव्याला नवी गाडी दारात आणण्याची चाल आता गावोगाव पडली आहे. गाडी आली, हार घातला, नारळ फुटला, की आठपंधरा दिवसांत घरातला तरुण एक नवीच गोष्ट काढतो. गाडी फार उंच दिसते, चाक नि वरची कमानदार पन्हळ यांच्यामध्ये चार बोटे जागा मोकळी दिसते. तेव्हा मूळ स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा बसवाव्यात आणि गाडी इंच-दीड इंच खाली आणावी, असे त्याचे म्हणणे असते. वडिलांना पैशाची चिंता, मागच्या बैठकीवरच्या आजीला पाठीची चिंता, आणि तरुणाला वाटते की आपला बेत कोणाला कळतच नाही. असा तंटा घरोघर चालतो. तो सोडविण्यास इतिहासाचा काही उपयोग होईल काय? आमच्या मते होईल. आणि त्यासाठी फार दूर जावयास नको, पुण्यापासून पन्नासेक किलोमीटरवरच्या भोरपर्यंत गेले तरी पुरे.

भोर आणि वेल्हे म्हणजे मावळचा गाभा. तोरणा, राजगड, रोहिडा, रायरेश्वर, केंजळगड ही नावे उच्चारली तरी तिथल्या जमिनीची कल्पना यावी. पश्चिमेला सह्याद्रीची धार, तिच्यापलीकडे एकदम उतरत गेलेले कोकण, आणि अलीकडे नीरा, वेळवंडी, गुंजवणी यांची अरुंद खोरी. या मुलखात सपाट जागा थोडी आणि वळण नसलेला रस्ता त्याहून थोडा. शंकराजी नारायण सचिवांनी १६९७ साली ज्या संस्थानाचा पाया घातला, ते पंतसचिवांचे भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजी विलीन होईपर्यंत याच डोंगरदऱ्यांत नांदले. येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. जुन्या इंग्रजी कागदांत 'भोर घाट' म्हणून जो येतो तो खंडाळ्याचा बोरघाट. १८३० साली मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने चाकाच्या गाड्यांना खुला केला तो घाट तोच. त्याचा आपल्या भोर गावाशी संबंध नाही. भोरहून महाडला उतरतो तो वरंध घाट, कावळ्या किल्ल्याच्या खिंडीतून जाणारा.

अशा मुलखात चाक उशिरा आले यात नवल नाही. शेकडो वर्षे येथली वाहतूक पाठीवर चाले. कोकणातून मीठ वर यावयाचे आणि देशावरचे धान्य खाली जावयाचे, ते बैलांच्या पाठीवर गोण्या लादून. बैल पाऊल पाहून टाकतो, दगड चुकवतो, उतारावर मागचे पाय आखडून घेतो. त्याचे खूर, सांधे आणि स्नायू हीच त्याची कमान. मोठ्या माणसांसाठी पालखी होती. पालखीचा दांडा वाकदार असे आणि तो भोयांच्या खांद्यांवर पेललेला असे. रस्त्याचा उंचसखलपणा आधी भोयांच्या गुडघ्यांत जिरावयाचा, उरलेला दांड्यात, आणि त्यातूनही उरला तर पालखीतल्या गादीत. तीन ठिकाणी चाळून मग धक्का माणसाला पोहोचावयाचा. आजच्या मोटारीतही तीच व्यवस्था आहे. आधी टायरची हवा, मग स्प्रिंग, मग बैठकीची गादी. क्रम तोच राहिला, भोयांची जागा मात्र पोलादाने घेतली.

या व्यवस्थेमागचा नियम कोणाला सापडला तेही ऐकण्याजोगे आहे. रायगडावर १६७४ साली महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्यानंतर चारच वर्षांनी, १६७८ साली, लंडनमध्ये रॉबर्ट हुक नावाच्या शास्त्रज्ञाने स्प्रिंगेविषयीचा आपला सिद्धान्त उघड केला. दोन वर्षे आधी तो त्याने अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपाने छापून ठेवला होता, म्हणजे श्रेय कोणी पळवू नये आणि गुपितही फुटू नये! सिद्धान्त असा, की जेवढे ओझे तेवढी वाक. दुप्पट ओझे घातले तर स्प्रिंग दुप्पट दबेल. इतकी साधी गोष्ट, पण मोटारीच्या कमानीचे सारे शास्त्र तिच्यावर उभे आहे.

मावळात रस्ते झाले तशी बैलगाडी आली. बैलगाडीला कमान नसते. लाकडी आख, त्यावर साटी, लाकडी आऱ्यांचे चाक आणि चाकाला लोखंडी धाव. दगडावरून चाक गेले की सारा धक्का थेट साटीत. परंतु हिला अडाणीपणा समजू नये. बैलगाडीची चाल माणसाच्या चालीएवढी. त्या गतीला धक्का बसतो, पण त्याने मोडतोड होत नाही. शिवाय भाताची पोती कधी पाठीची तक्रार करीत नाहीत. माणसे बसवून न्यावयाची असतील तर सुताराने दमणी केली, तिच्यात गवताची जाड बैठक घातली. ज्या ओझ्याला जेवढी गरज तेवढीच सोय, असा त्या कारागिरांचा हिशेब होता.

कमानीची गरज गतीमुळे आली. १८०४ साली ओबाडाया एलियट या लंडनच्या गाडीकाराने दीर्घवर्तुळाकार पाट्यांच्या कमानीचे पेटंट घेतले. त्यापूर्वीच्या घोडागाड्यांचा डबा कातडी पट्ट्यांवर टांगीत, आणि त्याला तोलण्यासाठी खालून एक अवजड लाकडी कणा लागे. एलियटच्या कमानींनी तो कणा अनावश्यक केला. गाड्या हलक्या झाल्या, बसक्या झाल्या आणि पळू लागल्या. पुढे आपल्याकडच्या टांग्यांना ज्या पाट्यांच्या कमानी आल्या त्या याच कुळातल्या. १८८८ साली जॉन बॉईड डनलॉपने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले आणि धक्का चाळणारी पहिली चाळणी चाकावरच बसली. पुढे बैलगाडीलाही ती मिळाली. मोटारीची जुनी चाके लावलेली टायरची गाडी खेड्यापाड्यांत रुळली, आणि बैलांची मान व गाडीवानाचे मणके या दोहोंनाही थोडा विसावा मिळाला.

मोटार आली तेव्हा तिने टांग्याच्या पाट्याच उसन्या घेतल्या. पाट्याची एक खुबी अशी, की धक्क्याने वाकताना एक पट्टी दुसरीवर घासते आणि त्या घासण्यात हिसक्याची शक्ती जिरते. म्हणून आरंभीच्या मोटारींचे त्यावर भागले. पण वेग वाढला तसे ध्यानात आले की कमान धक्का सोसते खरी, पण सोसून झाल्यावर स्वतःच झोके घेत राहते. तो झोका थांबविण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी आधी घर्षणाचे आणि मग तेलाचे दाबक निघाले. आपले मेकॅनिक त्यांनाच 'शॉकअब्सॉर्बर' म्हणतात. नावावरून वाटते की धक्का तेच शोषतात. खरे पाहता धक्का सोसते ती स्प्रिंग. शॉकअब्सॉर्बर तिला आवर घालतो. ही जोडी आहे, आणि जोडीतला एक बदलून दुसरा तसाच ठेवला की संसार कसा चालतो ते पुढे येईलच.

भोर संस्थान विलीन झाल्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १ जून १९४८ रोजी, पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. हळूहळू एस.टी. डोंगरातल्या गावांपर्यंत पोहोचली. तिच्याखाली जाडजूड पाट्यांचे थर. गाडी रिकामी असली की मागच्या बाकावरचा उतारू टपावर आपटतो की काय असे वाटावे, आणि जत्रेच्या दिवशी दाटून भरली की तीच गाडी डौलात चालावी! याचे कारण हुकसाहेबांनी सांगूनच ठेवले आहे. भरल्या गाडीसाठी ताठ केलेली कमान रिकाम्या गाडीला दबतच नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर महिंद्रांनी आणलेल्या जीपचीही तीच कथा. चारही चाकांवर पाटे, पोटाखाली भरपूर उंची. नसरापूर, विंझरकडून वेल्ह्यात शिरणाऱ्या जुन्या वाटांना असलेच वाहन मानवले. पुढे वडापवाल्यांनी दहा माणसांच्या जीपमध्ये पंधरा बसविली आणि कमान बसू नये म्हणून जादा पाटा टाकला. जादा पाटा हा आपल्या भागातला सर्वांत जुना 'सुधार'. त्यात ओझ्याचा विचार होता, सुखाचा नव्हता.

घरगुती मोटारीत मात्र सुखाचा विचार आधीपासून होता. कुर्ल्याच्या प्रीमियरमधून निघालेली फियाट, जिला १९७० च्या दशकात पद्मिनी हे नाव मिळाले, पुढे स्प्रिंगा आणि मागे पाटे घेऊन आली. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घडविलेली अँबॅसडर १९५७-५८ च्या सुमारास रस्त्यावर आली. तिच्या पुढच्या चाकांना पिळल्या जाणाऱ्या पोलादी दांड्यांची कमान होती आणि मागे पाटे होते. खड्डा आला तरी ती मुकाट्याने गिळते म्हणून ती सरकारदरबारी आणि खेड्यातही चालली. मग १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली. तिच्या पुढच्या चाकांपाशी एकाच नळीत स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर बसविलेला होता. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याची ही रचना, इंग्लंडातल्या फोर्डच्या कॉन्सल व झेफिर गाड्यांत १९५० साली प्रथम मोठ्या प्रमाणावर आलेली. मारुतीचे मागचे पाटेही १९८६ च्या नव्या बांधणीत गेले आणि तेथे स्प्रिंगा आल्या. आज घरोघर दिसणाऱ्या बहुतेक लहान गाड्यांच्या पुढच्या चाकांपाशी मॅकफर्सनचीच रचना आहे. तरुणाला जी स्प्रिंग बदलायची आहे ती येथली.

मोटारकारखान्याचे अभियंते स्प्रिंग कशी ठरवितात? त्यांची पहिली मोजपट्टी झोक्याची. स्प्रिंगेवर बसविलेली गाडी एकदा दाबून सोडली आणि आवर घालणारे काही नसले, तर ती मिनिटाला किती वेळा वरखाली होईल? साधारण साठ ते नव्वद झोके माणसाला सुखाचे वाटतात. आणि हुकच्या नियमावरून हिशेब असा निघतो: मिनिटाला साठ झोके हवे असतील तर स्वतःच्या वजनाने स्प्रिंग पंचवीस सेंटिमीटर दबली पाहिजे, नव्वद हवे असतील तर अकरा सेंटिमीटर, आणि फक्त सहा सेंटिमीटर दबत असेल तर झोके एकशेवीस होतात, म्हणजे गाडी आदळते. १९३० च्या दशकात अमेरिकेत मॉरिस ऑलीने प्रयोगासाठी खास गाडी करून आणखी एक गोष्ट दाखवून दिली. पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा थोड्या मऊ ठेवल्या, तर उंचवटा ओलांडल्यावर गाडी मागेपुढे झुलत न राहता सपाट बसते. म्हणजे पुढच्या आणि मागच्या कमानींचे नाते ठरवून जुळविलेले असते, ते योगायोगाने जुळलेले नसते.

फ्रान्समध्ये तर याहून गमतीची कथा घडली. सित्रोएन कंपनीच्या प्रमुखांनी अभियंत्यांस सांगितले, की नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी अंडे फुटता कामा नये अशी गाडी करा. ती १९४८ साली प्रकाशात आली. तिचे नाव 'दोन घोड्यांची गाडी' अशा अर्थाचे. दिसायला पत्र्याची पेटी, पण कमानी इतक्या मऊ आणि चाकांना वरखाली होण्यास वाव इतका मोठा, की फ्रेंच शेतकऱ्यांनी तिला डोक्यावर घेतले. तिच्या घडणाऱ्यांनी आधी वाट पाहिली आणि ओझे पाहिले. रूप मागाहून पाहिले. मावळातल्या दमणीच्या सुताराला हा फ्रेंच गडी आपलाच वाटला असता.

मग गाडी खाली बसविण्याची कल्पना आली कोठून? ती आली शर्यतीच्या मैदानातून, आणि तेथे तिला पक्का आधार आहे. गाडीचा गुरुत्वमध्य जितका खाली, तितके वळणावर आतल्या चाकांवरचे वजन बाहेरच्या चाकांवर कमी सरकते. हे खरेच आहे. पण किती खरे, याचा हिशेब करू. लहान मोटारीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून समजा पंचावन्न सेंटिमीटरवर आहे. गाडी तीन सेंटिमीटर खाली आणली, तर वळणावर सरकणारे वजन सुमारे साडेपाच टक्क्यांनी घटते. शर्यतीत साडेपाच टक्के म्हणजे हार आणि जीत यांच्यातले अंतर. कापूरहोळहून भोरला भाजी घेऊन जाणाऱ्याला त्याचा पत्ताही लागणार नाही.

बैलगाड्यांच्या शर्यती आपल्या लोकांना नव्या नाहीत. २०१४ साली त्या बंद पडल्या आणि २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यांचा मार्ग पुन्हा मोकळा झाला. शर्यतीचा गाडा हलका, नुसता सांगाडा. त्यात कोणी भाताची पोती भरीत नाही आणि त्यातून कोणी लेकीला माहेरी आणीत नाही. तो गाडा वाईट आहे म्हणून नव्हे. त्याचे काम निराळे आहे म्हणून. मोटारीच्या बाबतीत हाच विवेक आपण विसरतो.

आता दुसरी बाजू मोजू. चाकाला वर उचलले जाण्यास जो वाव असतो, तो संपला की रबराचा एक ठोकळा आड येतो आणि स्प्रिंगेचे काम तेथे थांबते. समजा रिकाम्या गाडीच्या मागच्या चाकाला असा वाव आठ सेंटिमीटर आहे. आखूड स्प्रिंगांनी साडेतीन गेले. मागे तिघे बसली, डिकीत फराळाचे डबे आणि कपड्यांच्या पेट्या आल्या, की आणखी सुमारे तीन गेले. नवी स्प्रिंग जरा ताठ असल्यामुळे मूळ स्प्रिंगेपेक्षा थोडे कमी. उरला दीड सेंटिमीटर. शर्यतीच्या गुळगुळीत मार्गावर दीड सेंटिमीटर पुरतो. वरंधच्या उतारावर, वळणातच खड्डा आला, तर मागचे चाक त्या ठोकळ्यावर आदळते. त्या क्षणी कमान नाहीशी होते आणि लाकडी आखाची बैलगाडी उरते, फक्त ताशी पन्नास किलोमीटर वेगाची. टायर रस्त्यावरून उडी घेतो, पकड सुटते, आणि डाव्या हाताला दरी असते. या एका कारणासाठी तरी हा विषय हौसेचा न समजता घराच्या सुरक्षिततेचा समजावा. २०२१ च्या जुलैतल्या अतिवृष्टीत वरंधचा रस्ता जागोजाग खचला होता. सह्याद्रीतला रस्ता आज आहे तसा पुढच्या भाद्रपदात असेलच, असे गृहीत धरता येत नाही.

एक सूक्ष्म गोष्ट आणखी. मॅकफर्सनच्या रचनेत चाकाला खालून धरणारी एक आडवी भुजा असते. गाडी थोडी खाली आणली तर फारसे बिघडत नाही. पण फार खाली आणली, की त्या भुजेचे बाहेरचे टोक वर उचलले जाते आणि वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही अधिक वेगाने खाली घसरतो. दोहोंतले अंतर वाढते आणि गाडीला कलण्यास जोर अधिक मिळतो. म्हणजे कलणे कमी व्हावे म्हणून खाली आणलेली गाडी कलण्याकडेच अधिक झुकते, आणि ते झाकण्यासाठी स्प्रिंग आणखी ताठ करावी लागते. शिवाय चाकांचे कोन बदलतात. अलाइनमेंट पुन्हा न केल्यास टायरची आतली कड थोड्याच महिन्यांत गुळगुळीत होते.

गतिरोधकांचेही एक गणित आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली घालून दिलेल्या मापांप्रमाणे गोल पाठीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. ताशी २५ किलोमीटरने गाडी त्यावरून सुखाने जावी. असा रुंद उंचवटा ओलांडताना लहान मोटारीची पुढची आणि मागची चाके दोन्ही त्याच्याच पाठीवर असतात, म्हणून पोटाखाली तो प्रत्यक्षात चारसाडेचार सेंटिमीटरच वर येतो. पण गावातला गतिरोधक पाहा. हातभर रुंद, ताशीव, अपघात झाल्यानंतर चिडून रातोरात घातलेला! चाके दोन्ही बाजूंना जमिनीवर आणि मधोमध पूर्ण दहा-बारा सेंटिमीटरचा कंगोरा. सतरा सेंटिमीटर उंचीची गाडी माणसांनी चार सेंटिमीटर बसली, आखूड स्प्रिंगेने साडेतीन, तर उरली साडेनऊ. मग खालचे चेंबर फुटते, तेलाची रेघ गावाबाहेरपर्यंत जाते, आणि स्प्रिंगेवर वाचविलेल्या पैशांच्या अनेक पट तेथे खर्ची पडतात.

तरीही कोणी ठरविलेच, तर त्याने निदान चुकीचा मार्ग धरू नये. सर्वांत वाईट मार्ग मूळ स्प्रिंगेचा एखाददुसरा वेढा कापून टाकण्याचा. तो स्वस्त आहे म्हणून गॅरेजांत चालतो. वेढे कमी झाले की स्प्रिंग ताठ होते, पण कापलेले टोक तिच्या बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक लोंबकळले की स्प्रिंग जागेवरून सरकू शकते. त्याखालचा मार्ग नव्या आखूड स्प्रिंगा जुन्या, थकलेल्या शॉकअब्सॉर्बरवर चढविण्याचा. स्प्रिंग पंचवीस टक्क्यांनी ताठ झाली तर झोका सुमारे बारा टक्क्यांनी जलद होतो. त्याला आवरणारा दाबकही त्याच प्रमाणात जोरदार हवा. तो नसेल तर गाडी उंचवट्यामागून उंचवट्यावर नाचत राहते. बैलजोडी जुळवताना शेतकरी ताकद आणि चाल दोन्ही पाहतो, तसेच येथे.

बरा मार्ग असा. गाडी मऊ वाटते, वळणावर फार कलते, उडते, अशी तक्रार असेल, तर आधी रोग ओळखावा. बहुतेक वेळा दोष स्प्रिंगेत नसतो. ऐंशी हजार, लाख किलोमीटर धावलेल्या गाडीचे शॉकअब्सॉर्बर गळालेले असतात, भुजांचे रबरी बुश चिरलेले असतात, टायरमध्ये हवा कमीजास्त असते. चांगल्या कंपनीचे नवे शॉकअब्सॉर्बर, नवे बुश, योग्य दाबाची हवा आणि अलाइनमेंट, एवढ्यावर गाडी पुष्कळदा नव्यासारखी होते, आणि उंची तसूभरही कमी होत नाही. एवढे करूनही हौस उरली, तर पंधरावीस मिलिमीटरहून अधिक खाली न आणणारी, त्याच गाडीसाठी घडविलेली आणि जुळत्या शॉकअब्सॉर्बरसह मिळणारी जोडी घ्यावी. पुढची नि मागची दोन्ही एकाच संचातली असावी, कारण ऑलीने दाखविलेले ते नाते मोडता कामा नये. मूळ स्प्रिंगा भंगारात न देता माळ्यावर ठेवाव्यात.

कायद्याची वेसणही ध्यानात असू द्यावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या बावन्नाव्या कलमाप्रमाणे, उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीपत्रात उतरलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच अर्थ ठामपणे सांगितला. म्हणून काही बदल करण्यापूर्वी आर.टी.ओ.त आणि विमा कंपनीत लेखी विचारणा करावी. तोंडी 'चालतंय हो' या आश्वासनावर अपघातानंतरचा दावा मंजूर होत नाही.

भोरजवळ आंबवडे येथे नागेश्वराच्या देवळापाशी संस्थानी काळातला एक झुलता पूल आहे. माणसे चालली की तो किंचित हलतो. तो हलतो यात त्याच्या बांधणाऱ्याची चूक नाही. त्याला हलण्यास जागा ठेवली आहे. गाडीच्या चाकावर जी चार बोटे जागा तरुणाच्या डोळ्यांना खुपते, तीही अशीच मुद्दाम ठेवलेली आहे. आपले रस्ते आणि आपली भरगच्च कुटुंबे ध्यानी घेऊन परदेशी कंपन्यासुद्धा पुष्कळदा त्यांच्या गाड्या आपल्याकडे थोड्या उंच करून आणतात. बैलाचे सांधे, भोयाचे गुडघे, दमणीतली गवताची बैठक, जीपचा जादा पाटा या सगळ्यांनी जे काम तीनशे वर्षे केले तेच ही मोकळी जागा करते.

तेव्हा घरातला तंटा मिटवायचा असेल तर वादविवाद नको. यंदाच्या भाऊबीजेला सगळी मंडळी गाडीत बसतीलच. आजीला पुढे बसवावे, मागे तिघांना, डिकीत सामान भरावे, आणि तरुणाने खाली वाकून पट्टीने दोन मापे घ्यावीत: पोटाखाली जमिनीपासून किती उरले, आणि मागच्या चाकावर किती उरले. मग दोन्हींतून आपल्या बेताचे तीन-साडेतीन सेंटिमीटर वजा करावेत. आकडे त्याच्याच हातचे असल्यामुळे ते त्याला पटतील. आणि नंतर सर्वांनी भोरच्या वाटेने खुशाल निघावे.